उद्या सकाळी सायकल काढू की नको? (नेदरलँड्स, बर्फ आणि मागच्या सीटवर लेक)

ओलीसुकी | १२ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण उत्तर उद्या सकाळी साडेसातच्या आत हवंय. :)

आइंडहोवनला येऊन दीड वर्ष झालं. गाडी नाही, घ्यायचा विचारही नाही. लेकीला (वय ४) मागच्या सीटवर बसवून शाळेत सोडते, सव्वा किलोमीटर. तिथून पुढे फेल्डहोवनच्या बाजूला ऑफिस, साडेसहा किलोमीटर. पावसात, उलट्या वाऱ्यात, एकदा तर गारा पडत असतानाही सायकल मारली. इथे सगळेच मारतात, मग आपणच कशाला नखरे करायचे! मागचा हिवाळा नुसता ओला गेला, बर्फाशी गाठच पडली नाही.

आज दुपारभर भुरभुर होती. संध्याकाळी आभाळ निवळलं. आत्ता बाल्कनीच्या कठड्याला ओला हात लावला तर बोटं चिकटली. फोन मात्र उद्या ८ वाजता १ अंश दाखवतोय. नवरा म्हणतो, शून्याच्या वर म्हणजे बर्फ नाही, विषय संपला. शेजारच्या डच आजींना विचारलं. पंचाहत्तरी उलटलीय, पण भाजी आणायला रोज सायकलच. त्या म्हणाल्या, “बघू सकाळी.”

तुम्ही परदेशात थंडीत सायकल चालवणारे कसं ठरवता? तापमान बघून? रस्ता बघून? की कुलदैवताचं नाव घेऊन?

---

टोणगा | १२ जानेवारी, रात्री १०:५२

ऑफिसला कळवा, घरून काम करा, भजी तळा. धागा बंद.

---

पेठेतला_पायडल | १२ जानेवारी, रात्री ११:०५

एवढा बाऊ कशाला? पुण्यात पहिल्या पावसात रस्त्यावरचं ऑइल वर येतं तेव्हा येऊन बघा. लक्ष्मी रोडवर आम्ही त्यातून डबल सीट काढलीय. ब्रेक हलके, हँडल सरळ, बास. सायकलला सगळं जमतं, चालवणाऱ्याला जमायला हवं.

---

निळी_छत्री | १२ जानेवारी, रात्री ११:३०

ओलीसुकी, नवऱ्याला सांगा की विषय संपलेला नाही. :)

मी उट्रेख्टला अकरा वर्षं आहे. पहिल्या हिवाळ्यात हाच १ अंश मलाही नडला होता. हवामानखातं तापमान मोजतं ते जमिनीपासून दीड मीटर उंचीवर. तुमची चाकं काही दीड मीटरवर धावत नाहीत. रात्री आभाळ मोकळं असलं की जमीन उष्णता सोडत राहते आणि वरच्या हवेपेक्षा दोन-चार अंश जास्त गार होते. म्हणून फोनवर +१ आणि रस्त्यावर काच, असं सर्रास होतं. तुम्ही सांगताय तो क्रम, म्हणजे दुपारी पाऊस, संध्याकाळी निवळणं, रात्री गोठणं, हा सगळ्यात वाईट. नुसता बर्फ पडला तर तो पांढरा दिसतो तरी. हा दिसतच नाही. खालचं लाल डांबर आरपार दिसतं आणि वाटतं, रस्ता नुसता ओला आहे.

त्यात जानेवारीत तुमच्याकडे सूर्य उगवतो पावणेनऊच्या सुमाराला. म्हणजे शाळेला निघायची वेळ सूर्य उगवायच्या आधीची.

आता दिलासा. मुख्य सायकलमार्गांवर बर्फ धरू नये म्हणून रात्रीच मीठ टाकलेलं असतं. नगरपालिकेच्या संकेतस्थळावर मीठ टाकायच्या रस्त्यांचा नकाशा असतो, तो आत्ताच बघून ठेवा. जवळचा रस्ता आणि मिठाचा रस्ता वेगळे असतील तर दहा मिनिटं जास्त लागू देत, मिठाचाच धरा. लोक पडतात ते मोठ्या रस्त्यावर नाही, घरापासूनच्या पहिल्या दोनशे मीटरमध्ये. गल्लीत मिठाची गाडी येत नाही, वर तिथे विटांची फरसबंदी.

आणि एक डच शब्द पाठ करून ठेवा: एइझल. गोठलेल्या जमिनीवर पडून जागीच बर्फ होणारा पाऊस. ज्या दिवशी बातम्यांत हा शब्द ऐकाल, त्या दिवशी टोणगा यांचा सल्ला शिरोधार्य.

---

टोणगा | १२ जानेवारी, रात्री ११:३३

ऐतिहासिक क्षण. माझ्या प्रतिसादाला पहिल्यांदाच कुणीतरी शिरोधार्य म्हटलं. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

---

मिनेसोटाचा_गणप्या | १३ जानेवारी, पहाटे ४:१५

वीस अंशांपर्यंत मी बिनधास्त जातो. पाचच्या खाली गेलं की दोन हातमोजे घालतो. त्यात काय?

---

सांडगीमिरची | १३ जानेवारी, पहाटे ४:२०

वीस अंशांत हातमोजे?? गणपतराव, तब्येत बरी आहे ना?

---

मिनेसोटाचा_गणप्या | १३ जानेवारी, पहाटे ४:२६

फॅरनहाइट हो! आमचे वीस म्हणजे तुमचे उणे सात.

मिनिआपोलिसमध्ये जुन्या रेल्वेमार्गाच्या खाचेत ‘मिडटाउन ग्रीनवे’ नावाचा सायकलमार्ग आहे. कितीतरी वेळा त्यावरचा बर्फ आजूबाजूच्या गल्ल्यांच्या आधी साफ झालेला असतो. त्यामुळे मी आधी बघतो ते एवढंच, की रस्त्यावरून बर्फ बाजूला ढकलणारा नांगर फिरलाय की नाही. आणि खरं सांगू? कडाक्याच्या थंडीत चालवणं सोपं. मार्चमध्ये दिवसा वितळतं आणि रात्री गोठतं, तेव्हा माझी बोबडी वळते.

---

पेठेतला_पायडल | १३ जानेवारी, सकाळी ७:०२

उणे वीस सोपं आणि शून्य अवघड? अमेरिकेत गेलं की माणूस काहीही फेकतो.

---

औलूची_सून | १३ जानेवारी, सकाळी ८:१०

पेठेतले काका, घरच्या घरी करून बघा. फ्रीजरमधून बर्फाचा खडा काढल्या काढल्या बोटाने धरा. बोटाला चिकटतो. दोन मिनिटं ओट्यावर ठेवा, मग धरा. सुळकन निसटतो. बर्फ तोच, पण शून्याजवळ आला की त्याच्या पाठीवर पाण्याचा पातळ थर येतो आणि तोच पाडतो. उणे पंधराला दाबलेला बर्फ पायाखाली चरचर वाजतो, जवळजवळ वाळूसारखी पकड देतो.

मी फिनलंडमधल्या औलूला नऊ वर्षं आहे. हिवाळ्यातल्या सायकलिंगची आंतरराष्ट्रीय परिषद पहिल्यांदा भरली ती आमच्याच गावात, २०१३ साली. इथे सायकलमार्गावर मीठ नाही. नांगर फिरवतात, दाबून बसलेला बर्फ तसाच ठेवतात, त्यावर दातेरी पात्याने चरे पाडतात आणि निसरडं झालंच तर बारीक खडी टाकतात. शाळेबाहेर उणे वीसलाही सायकलींची रांग असते, आणि त्या मुलांना कुणी शूर वगैरे म्हणत नाही.

पण हे नेदरलँड्सला लागू नाही, म्हणूनच लिहितेय. तिथली थंडी शून्याच्या उंबऱ्यावर आत-बाहेर करत राहते. आमच्याकडे महिनोन्‌महिने एकच रस्ता असतो, तुमच्याकडे रोज सकाळी नवा. “फिनलंडची पोरं जातात” हे कुणी ऐकवलं तर मनावर घेऊ नका. ती पोरं तुमच्यापेक्षा चांगल्या रस्त्यावरून जातात.

---

ओलीसुकी | १३ जानेवारी, दुपारी १:२०

सगळ्यांचे आभार! ताजी खबर.

सकाळी सातला खिडकीतून पाहिलं तर आजी बाहेर. अंगात जाड कोट, पायात घरातल्या सपाता, आणि सायकलमार्गावर उभं राहून एक पाय पुढे-मागे घासतायत, आपण फरशीवर सांडलेलं तेल तपासतो तसा. मग माझ्या खिडकीकडे बघून मान हलवली. नाही.

मी लेकीला चालवत नेलं. वीस मिनिटं लागली, कारण वाटेतल्या प्रत्येक गोठलेल्या डबक्याला लाथ मारणं आवश्यक होतं. तिथून बसने ऑफिस. वाटेत दोन पोरं पडलेली दिसली, उठून हसत पुढे गेली. विशीतली हाडं!

नवरा सायकलने गेला. पडला नाही. त्यामुळे आज संध्याकाळी घरात मला काय काय ऐकायला मिळणार आहे ते मंडळी जाणतातच.

---

कोल्हापुरी_मावशी | १३ जानेवारी, दुपारी २:०५

स्पष्ट बोलते, राग मानू नकोस बाळ. चार वर्षांच्या लेकराला घेऊन बर्फात जायचा विचार तरी कसा आला? गाडी घ्या की एखादी जुनी. पैसे लेकरापेक्षा मोठे आहेत काय?

---

ओलीसुकी | १३ जानेवारी, दुपारी २:४०

मावशी, राग नाही, पण विचार आला म्हणून तर धागा काढला. विचारून थांबले. आणि बर्फात गाडीही घसरतेच, फक्त ती घसरली की लागतं दुसऱ्याला.

---

सांडगीमिरची | १३ जानेवारी, दुपारी ३:१५

ओलीसुकीला अनुमोदन.

मी कोपनहेगनला. इथे सायकलमार्ग आधी झाडतात, मग गाड्यांच्या रस्त्याची पाळी, अशी नगरपालिकेची रीत आहे. जुळी मुलं लहान होती तेव्हा पुढे पेटी असलेली तीनचाकी चालवायचे. तीनचाकी घसरते, पण आडवी पडत नाही. मुलं पेटीत पट्टे लावून खाली बसलेली असतात. मागच्या सीटचं गणित उलटं. पोराचं वजन उंच आणि मागे, पुढचं चाक हलकं, आणि सायकल कलली की पोर आधी आपटतं, तुम्ही नंतर. एकटी असताना मी जो धोका पत्करते तो मुलासकट पत्करत नाही. माझ्यापुरता दोन्हीला एक नियम नाही, दोन आहेत.

---

पेडलवैद्य | १३ जानेवारी, रात्री ९:५०

लीड्सच्या एका इस्पितळात हाडांच्या विभागात काम करतो, स्वतःही सायकलवाला आहे. काळ्या बर्फाच्या (म्हणजे हाच न दिसणारा) सकाळी आमच्याकडे दहानंतर रांग लागते आणि रांगेत बहुतेकांचं एकच, मनगट. माणूस पडताना हात टेकतोच. “हात टेकू नका” हा सल्ला मी देणार नाही, कारण तो मलाही पाळता येत नाही. सायकलवाल्यांत कुल्हा आणि खांदाही, कारण चाक बाजूला निसटतं आणि माणूस थेट कुशीवर जातो. वेग मुळीच लागत नाही. बहुतेक जण वळताना नाहीतर थांबताना पडलेले असतात.

जायचंच असेल तर सीट दोन बोटं खाली घ्या, म्हणजे बसल्या बसल्या दोन्ही पायांचे तळवे टेकतील. पुढचा ब्रेक विसरा. बऱ्याच डच सायकलींना पायडल उलटं मारून लागणारा ब्रेक असतो, तो मागच्या चाकाला लागतो, तो या कामी सोन्यासारखा. वळण असेल तर वळायच्या आधीच वेग कमी करा, वळताना काहीच करू नका: ब्रेक नाही, पायडल नाही, झुकणं नाही. शंका आली की उतरा. आणि हो, उतरताना जपून, तिथेच निम्मे पडतात.

नेदरलँड्समध्ये हेल्मेट घातलं तर लोक टकमक बघतात म्हणे. बघू द्यात.

---

अण्णा_निफाडकर | १३ जानेवारी, रात्री १०:३०

अवांतर: आमच्याकडे आज पहाटे पारा ६ वर. द्राक्षबागेत रात्रभर शेकोट्या चालू होत्या. मळ्यात सायकलने गेलो, कान गेले. आमच्या थंडीलाही थोडा मान द्या मंडळी.

---

टोणगा | १३ जानेवारी, रात्री १०:३४

अण्णा, महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दरवर्षी हिमकण पडतात आणि दरवर्षी पहिल्या पानावर फोटो येतो. तिथे सायकल चालवून दाखवा, मग मान.

---

निळी_छत्री | १३ जानेवारी, रात्री ११:१०

अवांतर चाललंच आहे तर माझंही. इथे फ्रीसलंडमध्ये एल्फस्टेडनटोख्ट नावाची शर्यत आहे. अकरा गावं, जवळपास २०० किलोमीटर, गोठलेल्या कालव्यांवरून स्केटिंग. पूर्ण मार्गावर १५ सेंटिमीटर बर्फ हवा. शेवटची झाली ४ जानेवारी १९९७ ला. तेव्हापासून दर हिवाळ्यात थंडी पडली की अख्खा देश डोळे लावून बसतो आणि मग वितळतं. तीच अकरा गावं लोक उन्हाळ्याच्या तोंडावर सायकलवर करतात. बर्फाची वाट बघून थकलेले असावेत.

खरा हिवाळा मी एकदाच पाहिला. ७ फेब्रुवारी २०२१, रविवार. हवामानखात्याने कोड रेड दिला, रेल्वे ठप्प. आठवड्याअखेर आम्ही ॲमस्टरडॅमला कालव्यांवर लोकांना घसरताना बघत उभे होतो. त्या आठवड्यात सायकलबद्दल कुणालाच प्रश्न पडला नाही, सगळं इतकं पांढरं होतं की उत्तर समोरच होतं. घोळ होतो तो ओलीसुकीच्या सकाळीसारख्या सकाळी.

---

पेठेतला_पायडल | १४ जानेवारी, सकाळी ६:४५

काल रात्री बर्फाच्या खड्याचा प्रयोग केला. सूनबाईंचं म्हणणं बरोबर आहे. ओट्यावरून दोन खडे निसटले, एक सापडला, दुसरा सौभाग्यवतींच्या पायाखाली सापडला. पुढचं लिहीत नाही.

पण माझा मुद्दा कायम. सवय महत्त्वाची. घाबरून हँडल आवळलं की माणूस हमखास पडतो.

---

औलूची_सून | १४ जानेवारी, सकाळी ९:००

काका, काकूंना फार लागलं नाही ना? आणि हँडल सैल धरायचं, हे शंभर टक्के बरोबर.

---

ओलीसुकी | १६ जानेवारी, रात्री ९:३०

पडले.

सविस्तर लिहिते, म्हणजे कुणाच्या उपयोगी पडेल. परवा आणि काल वरचे सगळे सल्ले पाळले. मिठाच्या रस्त्याने गेले, लेकीला चालवत सोडलं, ऑफिसला एकटी सायकलने. दोन दिवस काही झालं नाही. होवनरिंगवरूनसुद्धा गेले. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चौकाच्या वर ७० मीटर उंच खांबाला तारांनी टांगलेला गोल सायकलपूल, २०१२ पासूनचा. एकदा तरी बघण्यासारखा.) पुलाला खालूनही गार हवा लागते, म्हणून तो रस्त्याच्या आधी गोठतो असं वाचलं होतं. छातीत धडधडत चढले, पण मीठ टाकलेलं होतं.

आज सकाळी आभाळ भरलेलं, फोनवर ३ अंश. आजी दिसल्या नाहीत. मला वाटलं, आता जमलं आपल्याला. उशीर झाला होता म्हणून बागेतल्या वाटेने शिरले. तिथे ओढ्यावर लाकडी पूल आहे, जेमतेम सहा मीटरचा. पुलावर काही झालं नाही. पूल संपता संपता वाट डावीकडे वळते, तिथे मी वळले आणि सायकल वळली नाही. ब्रेक लागला का, आठवत नाही. आवाजही नाही, एकदम कुशीवर. कोपर सोललं, मांडी काळीनिळी. मनगट शाबूत. डबा उघडला, आमटी बॅगेतून लॅपटॉपच्या पाकिटापर्यंत. लॅपटॉप वाचला. दिवसभर मीटिंगमध्ये गोड्या मसाल्याचा घमघमाट होता.

मागे सीट रिकामी होती. पडल्या पडल्या आधी मान वळवून तिकडेच पाहिलं.

---

पेडलवैद्य | १६ जानेवारी, रात्री ९:४८

कोपर पूर्ण सरळ होतंय का? होत नसेल, किंवा उद्या मनगटात अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यावर दुखलं, तर एक्स-रे काढा. तिथलं छोटं हाड मोडलं तर पहिल्या दिवशी फारसं कळत नाही.

---

कोल्हापुरी_मावशी | १६ जानेवारी, रात्री ९:५५

अगं बाई! हळद घालून दूध घे. आणि मी बोलले ते विसर. लेकराला चालवत नेत होतीस, हे चांगलं केलंस.

---

निळी_छत्री | १६ जानेवारी, रात्री १०:२०

लाकडी पूल, सावली, वळण आणि उशीर. चारही एका जागी! यांतली कुठलीही दोन एकत्र आली की मी उतरून सायकल हातात धरते. लोक बघतात, पण लोक खुद्द पडलेल्यालाही बघतातच.

३ अंशांचं म्हणाल तर आभाळ सकाळी भरलं असेल, पण रात्री मोकळं होतं. लाकूड तेवढ्यात बर्फ सोडत नाही.

---

मिनेसोटाचा_गणप्या | १७ जानेवारी, पहाटे ३:४०

आता खिळ्यांचे टायर घ्या, पुरे झाले प्रयोग.

---

औलूची_सून | १७ जानेवारी, सकाळी ९:१५

हेच लिहायला आले होते. टायरच्या रबरात कार्बाइडचे बारीक खिळे असतात. माझ्या मागच्या चाकाला नोकियनचा जुना डब्ल्यू १०६ आहे, नावातच खिळ्यांची संख्या. श्वाल्बेच्या बऱ्याच हिवाळी टायरमध्ये याहून जास्त असतात. कोरड्या रस्त्यावर तांदूळ सांडल्यासारखा आवाज येतो आणि सायकल जड जाते. नवीन घेतल्यावर पहिले ४० किलोमीटर साध्या रस्त्यावर सावकाश चालवायचे, जोरात ब्रेक मारायचा नाही, म्हणजे खिळे नीट बसतात. हवा थोडी कमी ठेवली की जास्त खिळे टेकतात. एकच टायर परवडत असेल तर पुढच्या चाकाला. मागचं घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की तुमची कालची गोष्ट.

पण खिळे बर्फ धरतात, लेकीला धरत नाहीत. मागच्या सीटबाबत मिरचीताईंचे दोन नियम खिळ्यांनंतरही तसेच ठेवा.

---

पेठेतला_पायडल | १७ जानेवारी, सकाळी १०:३०

ओलीसुकी, काळजी घ्या. मी परवा जे लिहिलं ते माझ्या रस्त्यांपुरतं. लक्ष्मी रोडवर पडलो तेव्हा उचलायला दहा माणसं होती, हेही तेव्हा लिहायला हवं होतं.

खिळ्यांचा टायर पावसातल्या ऑइलवर चालेल का?

---

औलूची_सून | १७ जानेवारी, सकाळी १०:४४

नाही काका. तिथे खिळे उलट जास्त घसरतील. तिथे तुमचीच पद्धत.

---

ओलीसुकी | १९ जानेवारी, रात्री ८:५०

कोपर सरळ होतंय, मनगट दुखत नाही. आजींना सगळं सांगितलं. त्या दिवशी त्या का दिसल्या नाहीत विचारलं, तर म्हणाल्या, सहालाच पाय घासून पाहिला होता आणि परत झोपायला गेले होते.

घरात ठरलंय ते असं: बाहेर पाय घासून बघायचा. पाय सरकला तर सायकल बंद, फोन काहीही म्हणो. नाही सरकला तर मी मिठाच्या रस्त्याने, एकटी. डिसेंबर ते फेब्रुवारी लेक शाळेत चालतच जाणार, रस्ता कोरडा ठणठणीत असला तरी. ही अट तिच्याकडून आलीय, कारण सायकलवरून डबक्यांना लाथ मारता येत नाही. नवरा अजून १ अंशाच्या बाजूने आहे, त्याचं त्याने बघावं.

टायर घ्यायचं नक्की. पण दुकानदार २८ इंची म्हणतो, एका साईटवर २८ इंचीच दोन-तीन प्रकारचे दिसतायत. कुठला घेऊ?

---

औलूची_सून | १९ जानेवारी, रात्री ९:३०

इंचावर जाऊ नका. आत्ताच्या टायरच्या बाजूला उठावाचे दोन आकडे असतील, ३७-६२२ किंवा ४०-६३५ असे काहीतरी. दोन्हीला २८ इंचीच म्हणतात, पण एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. मागचा तीन आकडी आकडा जुळलाच पाहिजे. पुढचा म्हणजे रुंदी, ती थोडी कमी-जास्त चालते, फक्त मडगार्डला खिळे घासणार नाहीत एवढी जागा बघा. आकडा वाचून इथे टाका.

---

ओलीसुकी | १९ जानेवारी, रात्री ९:४१

टॉर्च घेऊन खाली जाऊन आले. चिखलाखाली ६३५ दिसतोय.

---

औलूची_सून | १९ जानेवारी, रात्री ९:४४

अरे देवा. जुनी आजी-सायकल! या मापात खिळेवाले शोधावे लागतील. शेजारच्या आजींच्या सायकलला काय आहे, बघा बरं उद्या.